सांध्यांची परीक्षा

खेळणे विकत घेताना आपण त्याची किंमत विचारतो, रंग पाहतो आणि फार तर ते किती दिवस टिकेल याचा मनाशी अंदाज बांधतो. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, सणासुदीच्या पक्वान्नांचेही घरोघरी होते. परंतु एखाद्या खेळण्याचे गुणदोष शांतपणे तपासावेत आणि ते वहीत मांडून ठेवावेत, असे सहसा कुणाला सुचत नाही. खेळणे म्हणजे मुलांना गुंतवून ठेवण्याची वस्तू, एवढीच आपली समजूत असते. गेल्या मे महिन्यात मात्र असे एक परीक्षण माझ्या डोळ्यांदेखत झाले. परीक्षणाचा विषय होता प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेला, वीतभराहूनही लहान असा एक यंत्रमानव. आणि परीक्षक होता माझा तेरा वर्षांचा भाचा. त्या निमित्ताने जे पाहिले आणि जे मनात आले, ते या पानांच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. त्याचा संबंध खेळण्यापेक्षा आपल्या घरांशी, आणि घरापासून दूर राबणाऱ्या माणसांशी अधिक आहे.

भाचा वसईचा. त्याचे वडील मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करतात. आपल्या धर्मग्रामांतून जहाजावर आणि आखाती देशांत गेलेल्या माणसांची घरे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना या घराचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. नाताळला घरी असलेला बाप ईस्टरला समुद्रावर असतो. मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी लागते, कारण ती वाढताना पाहायला वडील हजर नसतात. त्यांचे जहाज एकदा जपानच्या शिमिझू बंदरात लागले असताना भावोजींनी तो संच विकत घेतला आणि सुट्टीवर आल्यावर मुलाच्या हाती दिला. सुट्टीचे दिवस घराच्या दुरुस्तीत आणि नातेवाइकांच्या भेटीगाठींत संपले. ‘पुढच्या खेपेला आपण दोघे मिळून जोडू,’ असे बापलेकांचे ठरले. पुढची खेप लांबली. करार आणखी काही महिन्यांनी वाढला. खोका कपाटावर तसाच राहिला, आणि मुलगा दिवसेंदिवस अबोल होत गेला.

बहिणीने सुट्टीत त्याला माझ्याकडे पंढरपुरास पाठवले. मी येथे कॉलेजात शिकवतो. प्रदक्षिणा मार्गाला लागून असलेल्या एका गल्लीत आमचे बिऱ्हाड आहे. या गावात आपल्या माणसांची घरे फार थोडी. रविवारच्या मिस्सासाठी आम्ही सुमारे ७० किलोमीटर प्रवास करून सोलापूर गाठतो. भाच्याने पहिले दोन दिवस काही बोलणे केले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पिशवीतल्या कपड्यांखालून तो खोका काढला आणि म्हणाला, “मामा, आपण जोडायचा का? पप्पांना फोटो पाठवू.” ज्याच्यासोबत जोडायचा म्हणून जपून ठेवला होता, त्याच्याशिवाय तो जोडायचा, हा निर्णय त्याने कसा घेतला असेल हे मी त्याला विचारले नाही.

खोक्यावरच्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही. मला एका कंपनीच्या मालाविषयी लिहायचे नाही. एका प्रकारच्या वस्तूविषयी लिहायचे आहे.

अशा खोक्यात तयार खेळणे नसतेच. त्यात वहीच्या पानाएवढ्या काही प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्या चौकटींना, वेलीला फळे लगडावीत तसे, शंभराच्या वर बारीकसारीक भाग लगडलेले असतात. प्रत्येक भागाला अक्षर आणि क्रमांक दिलेला असतो. सोबतच्या पुस्तिकेतील मजकूर जपानी भाषेत होता. पण भाषेवाचून काही अडत नाही, कारण पायरीपायरीने चित्रे काढलेली असतात. गोंद लागत नाही. एका भागाची खुंटी दुसऱ्याच्या छिद्रात दाबली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि सांधा बसतो.

हे सोपे वाटते. पण भाग चौकटीपासून सोडवणे हीच एक विद्या आहे. तो हाताने पिळून तोडला तर देठाच्या जागी खळगा पडतो. एकदम जवळून कापला तर प्लास्टिकवर ताण येऊन तेथे पांढरा डाग उमटतो आणि तो जन्मभर राहतो. म्हणून दोनदा कापायचे असते. आधी थोडे लांबून, मग उरलेला देठ अलगद जवळून. आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. विजेच्या सामानाच्या दुकानातून आम्ही एक लहानसा कटर आणला. भाच्याने पहिला दिवस केवळ रिकाम्या चौकटीचे तुकडे कापून हात बसवण्यात घालवला. त्याचा हा संयम पाहून त्याची मामी म्हणाली, “अभ्यासाला कधी एवढा वेळ बसल्याचे ऐकले नव्हते.” बाहेर ऊन रणरणत होते. एवढ्या उष्म्याने प्लास्टिक वाकडे तर होणार नाही ना, अशी त्याला धास्ती होती. या कामी वापरतात ते पॉलिस्टायरीन जवळजवळ उकळत्या पाण्याइतके तापल्याखेरीज मऊ पडत नाही, असे सांगितल्यावर तो निश्चिंत झाला.

त्या आठवड्यात एक प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. ज्या वस्तूचा प्रत्येक भाग आधीच ठरलेला आहे, कुठला भाग कुठे जायचा हेही ठरलेले आहे, ती वस्तू जोडणाऱ्याने ‘मी केली’ असे म्हणावे काय? याच्या अगदी उलट टोकाचे खेळणे आपल्या महाराष्ट्रात अनेकांनी पाहिले असेल. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर घनापासून घरापर्यंत नाना आकार करून दाखवले. पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांना अशी खेळणी करायला शिकवली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यात काहीच आधी ठरलेले नसते; काडीही आपली, कल्पनाही आपली. जपानी संचात कल्पनेला वाव नाही असे वरवर पाहता वाटते. पण आठवडाभर पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले, की तेथे सर्व काही ठरलेले असल्यामुळेच एक गोष्ट उघडी पडते. ती म्हणजे जोडणाऱ्याची आस्था. शंभर मुलांनी तोच संच जोडला तरी शंभर यंत्रमानव सारखे होत नाहीत. कुठे देठाचा खुंट राहिलेला असतो, कुठे चिकटपट्टी तिरकी बसलेली असते, कुठे एखादा भाग अर्धवट दाबलेला असतो. चुकीला सबब सांगता येत नाही आणि हाताची निगाही लपत नाही.

‘रोबोट’ हा शब्द आज पोरासोरांच्या तोंडी आहे. तो आला कोठून? कारेल चापेक या चेक लेखकाने ‘आर. यू. आर.’ नावाचे नाटक लिहिले. ते १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्राग शहरात रंगभूमीवर आले. माणसासारखे दिसणारे, पण केवळ राबण्यासाठी तयार केलेले जीव त्या नाटकात आहेत. त्यांना काय म्हणावे असा प्रश्न पडला तेव्हा लेखकाचा चित्रकार भाऊ योसेफ याने हा शब्द सुचवला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे करावी लागणारी सक्तीची मजुरी. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे, वेठ. तेव्हा रोबोट म्हणजे वेठबिगार. ज्याने फक्त काम करायचे, ज्याला घर नाही, सुट्टी नाही आणि वाट पाहणारे कुणी नाही, असा तो.

जपानमध्ये या शब्दाला वेगळेच वळण मिळाले. १९७९ च्या एप्रिलमध्ये तेथील दूरचित्रवाणीवर ‘मोबाईल सूट गंडम’ ही चित्रमालिका सुरू झाली. योशियुकी तोमिनो हे तिचे दिग्दर्शक. तिच्यातला १८ मीटर उंचीचा यंत्रमानव स्वतःच्या बुद्धीने चालत नाही; त्याच्या पोटात बसून एक पंधरा वर्षांचा मुलगा तो चालवतो. त्या यंत्राची आखणी करणारा अभियंता त्या मुलाचाच बाप आहे, आणि कथेच्या आरंभीच बापलेकांची ताटातूट होते. ही हकीकत भाच्यानेच मला देठ कापता कापता सांगितली. सांगताना त्याने मान वर केली नाही.

मालिकेला आरंभी प्रेक्षक लाभले नाहीत. ठरल्यापेक्षा लवकर, ४३ भागांतच, १९८० च्या जानेवारीत ती गुंडाळावी लागली. पण त्याच वर्षी जुलै महिन्यात बंदाई कंपनीने त्या यंत्रमानवाचा जोडावयाचा नमुना ३०० येनांना बाजारात आणला आणि मुलांची झुंबड उडाली. मूळ उंचीच्या १४४ व्या हिश्शाचा, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरांचा, तो नमुना होता. पुढे सांधे सुधारले आणि रंगवण्याची गरज उरू नये म्हणून भाग मुळातच रंगीत निघू लागले. १९९० साली ‘हाय ग्रेड’ ही नवी श्रेणी आली, तिच्यामागून आणखी श्रेणी आल्या. या नमुन्यांना जपानी लोक लाडाने ‘गनप्ला’ म्हणतात.

हे नमुने बनतात शिझुओका शहरात. बंदाईचा त्यासाठीचा खास कारखाना तेथे २००६ पासून आहे. तामियासारख्या इतर नामवंत कंपन्याही त्याच शहरातल्या. एकाच गावात एवढे नमुनाकार कसे? तेथे असे मानले जाते, की सतराव्या शतकात या भागात मोठी देवस्थाने उभारली गेली, त्यांसाठी देशभरातून सुतार व कोरीवकाम करणारे आले आणि काम संपल्यावरही तेथेच स्थायिक झाले. त्यांच्या हातची लाकडाची विद्या गावात मुरली. तामिया कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायातूनच सुरू झाली. तिने लाकडी नमुने केले आणि १९६० मध्ये पहिला प्लास्टिकचा नमुना काढला. शिमिझू बंदर आज त्याच शहराचा भाग आहे. देवळासाठी आलेले कारागीर, त्यांच्या मागे राहिलेले हात आणि त्या हातांतून निघालेली खेळणी! पंढरपुरात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. महाद्वारापासून चौफाळ्यापर्यंत चालत गेले तरी टाळ, वीणा, पखवाज, तुळशीच्या माळा आणि दगडी व पितळी मूर्ती दिसतात. त्यांच्या आधारे कित्येक पिढ्यांचे हात येथेही जगले आहेत.

नवव्या दिवशी यंत्रमानव उभा राहिला. मग परीक्षा सुरू झाली.

अशा नमुन्याची पहिली परीक्षा सांध्यांची असते, असे भाचा म्हणाला. तो केवळ दिसायला चांगला असून भागत नाही. माणसाप्रमाणे त्याला वळता, वाकता आले पाहिजे. गल्लीतली दोन-तीन मुले जमली होती. शेजारच्या मुलाने यंत्रमानव हातात घेतला आणि त्याचे दोन्ही हात कमरेवर ठेवण्याचा प्रयत्न केला. पंढरपूरच्या मुलाला उभे राहण्याची हीच रीत प्रथम आठवणार! कोपर काटकोनापलीकडे वळेना आणि खांद्याची पाती आड येई, त्यामुळे हात कमरेपाशी जाऊन थांबले. आपल्या घरात आपल्या हातून कुणाच्या श्रद्धेचा अवमान होऊ नये म्हणून मी किंचित अस्वस्थ होऊन ओट्यावर बसलेल्या त्याच्या आजीकडे पाहिले. ती हसत म्हणाली, “असू द्या सर, लेकरंच ती. पण वीट नाही पायाखाली, मग हात कसे टेकायचे त्याने?”

त्यानंतर माझ्या भाच्याने आपली परीक्षा घेतली. त्याने यंत्रमानवाचा उजवा गुडघा मागे दुमडला, डावा पाय पुढे टेकवला आणि त्याला एका गुडघ्यावर बसवले. देवळात शिरल्यावर पवित्र साक्रामेंतापुढे आपण टेकतो तसा. गुडघा पुरता वाकला, घोटा किंचित कलला, आणि ते चार बोटांचे प्लास्टिक क्षणभर नम्र दिसले. मुले गप्प झाली. ही दोन परीक्षांची जोडी कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नव्हती. प्रत्येक मुलाने आपापल्या घरातून पाहिलेली देहाची भाषा त्या परक्या देशाच्या बाहुल्याला विचारून पाहिली होती.

प्रार्थना करणाऱ्या यंत्राची गोष्ट आपल्या धर्मसभेच्या इतिहासाला अनोळखी नाही. १५६२ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा मुलगा डॉन कार्लोस अल्काला येथे जिन्यावरून पडला आणि डोक्याला मार लागून मरणाच्या दारी पोचला. शंभर वर्षांपूर्वी त्याच गावी निवर्तलेल्या दिएगो नावाच्या फ्रान्सिस्कन बंधूचे शव राजपुत्राच्या शय्येशी आणण्यात आले, आणि राजपुत्र बरा झाला. पुढे १५८८ मध्ये दिएगोला संतपद मिळाले. या चमत्काराच्या बदल्यात आपणही एक नवल घडवू असे राजाने देवाला वचन दिले आणि हुआनेलो तुर्रियानो या घड्याळजीकडून एक यांत्रिक साधू करवून घेतला, अशी आख्यायिका आहे. त्या काळचा एक यांत्रिक साधू आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे, आणि तो तुर्रियानोचाच असावा असे पुष्कळांना वाटते. उंची सुमारे सव्वा फूट. किल्ली दिली की तो चालतो, उजव्या हाताने छातीवर प्रहार करतो, डाव्या हातातला क्रूस व जपमाळ वर उचलतो, ओठ हलवतो, आणि मधूनच क्रूस ओठांशी नेतो.

त्या साधूची प्रार्थना ही प्रार्थना आहे काय? त्याच्या छातीत काटे आणि चक्रे आहेत. पश्चात्ताप करायला तेथे कुणी नाही. परंतु ज्याने ती चक्रे एकात एक बसवली, छातीवर पडणारा हात किती जोराने पडावा हे ठरवले, त्याच्या मनात त्या वेळी काय असेल? बापाच्या आर्त कृतज्ञतेला आकार द्यायचे काम त्याच्याकडे आले होते. यंत्र प्रार्थना करीत नाही. पण एखाद्याची प्रार्थना यंत्राच्या रूपाने शिल्लक राहू शकते. घडवलेल्या वस्तूचे परीक्षण मग कशासाठी करायचे, याचे उत्तर मला येथे सापडू लागले. वस्तूच्या मागे असलेल्या हातापर्यंत पोचण्यासाठी.

सुट्टीचे चार-पाच दिवस उरले असताना ते घडले. दुसऱ्यांदा गुडघे टेकवताना भाच्याने डाव्या पावलाला जरा अधिक पीळ दिला आणि घोट्याची खुंटी कटकन मोडली. आवाज फार लहान होता. मुलाचा चेहरा मात्र एकदम उतरला. तो रडला नाही. त्याने दोन्ही तुकडे कागदात गुंडाळले, खोक्यात ठेवले आणि म्हणाला, “पप्पांना सांगू नका. उभा असतानाचा फोटो आहे आपल्याकडे, तोच पाठवू.” बापाने दूरच्या बंदरातून आणलेली, वर्षभर जपलेली वस्तू आपल्या हातून मोडली, हे ओझे तेरा वर्षांच्या खांद्याला पेलण्यासारखे नव्हते. मी त्याला उपदेश केला नाही. संध्याकाळी त्याला घेऊन बाजारात गेलो.

महाद्वाराजवळच्या एका बोळात वीणा आणि हार्मोनियम दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसतात. त्यांच्या दुकानात मोडक्या खुंट्या, तारांची वेटोळी आणि लाकडाचा भुसा यांखेरीज काही दिसत नाही. त्यांनी चष्मा पुसून यंत्रमानव हातात घेतला. मोडलेला पाय त्यांनी आधी पाहिलाच नाही. त्याचे डोके फिरवून पाहिले, कोपर वाकवून पाहिले, मग तो उलटा करून काखेतली, मांडीच्या आतली, म्हणजे सहसा न दिसणारी बाजू निरखली.

“साचा करणारा हुशार आहे,” ते म्हणाले. “जोड कुठं लपवायचा ते त्याला ठावं आहे. आणि जोडलाय कुणी?”

“मी,” भाचा म्हणाला.

“घाई केली नाहीस बाळ. काखेतसुद्धा घासलंयस. तिथं कोण बघणार होतं?”

मग त्यांनी मोडलेला घोटा पाहिला. “मोडतं ते सांध्यातच मोडतं. वीणेचंबी तसंच आहे. जिथं हलायचं तिथंच झिजायचं आणि तिथंच तुटायचं. न हलणाऱ्या वस्तूचं काय मोडतंय?” त्यांनी हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने दोन्ही तुकड्यांच्या मधोमध छिद्र पाडले, पितळी तारेचा नखाएवढा तुकडा दोहोंत बसवला आणि थेंबभर गोंद लावून ते जुळवले. “आता हा पाय वळणार नाही,” ते म्हणाले, “पण उभा पक्का राहील.” पैसे विचारले तेव्हा त्यांनी हात हलवला आणि “आषाढीच्या आधी फार काम असतं, आता रिकामाच आहे,” एवढेच म्हणाले.

त्या रात्री भाच्याने वही काढली. पानावर त्याने रकाने आखले आणि आपले परीक्षण लिहिले. साच्याला दहापैकी नऊ गुण. जोड दिसत नाहीत, प्रत्येक भाग जागच्या जागी बसतो, असे कारण. चित्रांच्या पुस्तिकेला दहापैकी दहा, कारण भाषा न येताही कुठे अडले नाही. सांध्यांना सात, गुडघा उत्तम, कोपर कमी वळते, हात कमरेवर जात नाहीत. चिकटपट्ट्यांना सहा. शेवटचा रकाना होता ‘माझे काम’. तेथे तो बराच वेळ थांबला. मग त्याने आठ लिहिले, आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरांत लिहिले, की डावा घोटा माझ्या हातून मोडला, त्यात आता पितळेची तार आहे, तो वळत नाही, पण उभा पक्का राहतो. त्या पानाचा फोटो काढून त्याने वडिलांना पाठवला. आधी ठरवलेला, उभ्या यंत्रमानवाचा फोटो मात्र पाठवला नाही. दुसरा काढला, त्यात डावा पाय पुढे होता.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी श्रमाविषयीचे आपले परिपत्रक प्रसिद्ध केले. त्याचे सार सांगायचे तर असे, की कामाची खरी योग्यता कोणते काम केले यावर ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, या गोष्टीवर ठरते. काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो. हे वाक्य आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकलेले आहे. त्या रात्री मला ते इंजिनखोलीतल्या भावोजींच्या संदर्भात नव्याने आठवले. तेलाच्या वासात आणि यंत्रांच्या घरघरीत महिनोन्‌महिने राबणाऱ्या माणसाला त्याच्या घरच्यांनीही हळूहळू ‘पैसे पाठवणारे यंत्र’ समजावे, हे अवघड नसते. त्याच्या पैशांचा हिशेब होतो, पाठवलेल्या वस्तूंची किंमत होते. त्याच्या कामाविषयी मात्र कुणी काही विचारत नाही. वेठबिगार आणि कामकरी यांतला फरक केवळ मजुरीचा नसावा. आपल्या कामाकडे कुणीतरी नीट पाहते आहे, हे ज्याला ठाऊक असते तो वेठबिगार राहत नाही. नाझरेथच्या सुताराच्या हातची एकही वस्तू आज जगात नाही. पण त्याच्या बाकाशेजारी उभा राहून त्याचे काम पाहणारा एक मुलगा होता. धर्मसभेने १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून जाहीर केला, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ते घर असणार.

भर समुद्रात फोनला नेहमी संपर्क मिळत नाही. भावोजींचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. त्यात कौतुक नव्हते आणि मोडल्याबद्दल दुःखही नव्हते. इंजिनखोलीतला माणूस दुसऱ्या कारागिराला विचारतो तसे त्यांनी विचारले होते, ‘तार किती जाडीची वापरली? छिद्र दोन्ही बाजूंना किती खोल घेतले? उजव्या घोट्यालाही आत्ताच तशी तार बसवून घ्यावी का, तुझे काय मत?’

भाच्याने तो मजकूर दोनदा वाचला. मग चपला घालून, मला हाकही न मारता, मोजपट्टी घेऊन तो महाद्वाराच्या दिशेने निघाला.